दाखल्यावर न मावणारी मुलं

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात, पोटजात, जन्मस्थळ, अक्षरी आणि अंकी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक असं सगळं बारकाईने भरलेलं असतं. मूल कसं होतं हे सांगायला मात्र दोनच रकाने आहेत. ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. पहिल्यात ‘समाधानकारक’ लिहायचं, दुसऱ्यात ‘चांगली’. आता दाखले संगणकावर निघतात, तिथे हे दोन शब्द बहुतेक ठिकाणी आधीच भरून ठेवलेले असतात. नाव आणि रजिस्टर क्रमांक तेवढा बदलतो. पाचवीला आलेलं मूल सहा वर्षांनी शाळेतून बाहेर पडतं तेव्हा शाळेने त्याच्याबद्दल लेखी सांगितलेलं एवढंच असतं आणि ते सगळ्यांसाठी सारखं असतं.

राज्यात दरवर्षी साधारण १५ लाख मुलं दहावीला बसतात. २०२५ चा निकाल ९४.१० टक्के लागला. म्हणजे किती उत्तीर्ण झाले हे आपल्याला दशांशापर्यंत माहीत असतं, विभागवार माहीत असतं, मुलामुलींचं वेगवेगळं माहीत असतं. ती मुलं कोण होती, एकमेकांना कशी दिसत होती, शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांना पुढे काय हवं होतं, याची नोंद कुठेही होत नाही. ही उणीव हळवेपणापुरती आहे असं मला वाटत नाही. ही आपल्या सार्वजनिक दप्तरातली त्रुटी आहे आणि ती भरून काढणं शाळेचं काम आहे. प्रत्येक शाळेने दरवर्षी दहावीच्या वर्गाची एक हस्तलिखित वही करावी, तीत वर्गातल्या प्रत्येक मुलाला पान असावं, आणि ती वही जनरल रजिस्टरच्या, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीच्या, शेजारी, त्याच कपाटात, तितक्याच जबाबदारीने जपली जावी, अशी माझी मागणी आहे.

जनरल रजिस्टरचं नाव मुद्दाम घेतलं. शाळेतला हा दस्तऐवज कायम जपायचा असतो. इमारत पडते, संस्था बदलते, मुख्याध्यापक निवृत्त होतात, पण ते रजिस्टर राहतं. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा शाळांची प्रवेश नोंदपुस्तकंही तपासली गेली. किती जुन्या शाईतली अक्षरं त्या दिवसांत पुन्हा वाचली गेली! कुणाच्या पणजोबांचं नाव सापडलं, कुणाच्या आजोबांची जन्मतारीख. शाळेचं दप्तर तीन पिढ्यांनंतरही माणसाच्या उपयोगी पडतं, त्याच्या हक्काचा पुरावा होतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पण त्या नोंदीत सापडलं काय? जात, गाव, तारीख. तो पणजोबा वर्गात हसरा होता की घुम्या, त्याला गाणं येत होतं का, चौथीनंतर त्याला शिकायचं होतं की सुटल्यासारखं वाटलं, हे सांगणारी एक ओळ नाही. ज्यांनी रजिस्टर लिहिलं त्या गुरुजींना त्यातलं बरंच माहीत असणार. रकाना नव्हता म्हणून ते त्यांच्याबरोबरच गेलं.

रकाना नसला की काय उरतं? ज्यांना यश मिळालं ते उरतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यावर नव्वदच्या वरचे चेहरे असतात. पूर्वी मंडळाची गुणवत्ता यादी निघायची, पहिल्या आलेल्या मुलाच्या आई-वडिलांना पेढा भरवतानाचे फोटो छापून यायचे. ती यादी केव्हाच बंद झाली, पण तिची सवय गेली नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या लाकडी फळ्यावर दरवर्षी पहिला आलेल्याचं एक नाव पांढऱ्या रंगात चढतं. एका वर्षाला एक ओळ. बाकीच्या साठ मुलांचं ते वर्ष त्या ओळीखाली जातं. त्या मुलाचा गौरव व्हायलाच हवा. पण शाळेच्या भिंतीला एका वर्षातलं एकच मूल माहीत असावं, ही शाळा म्हणून आपली व्याख्याच अपुरी आहे.

करोनाच्या दोन बॅचेसनी ही गोष्ट आपल्यापुढे लख्ख मांडली होती. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. त्या मुलांनी जो शेवटचा पेपर दिला तो शेवटचा आहे हे देताना त्यांना माहीत नव्हतं. शेवटचा पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर जो गलका होतो, गणवेशावर सह्या होतात, सायकली धरून तासभर उगाच उभं राहणं होतं, ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. २०२१ च्या बॅचची तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण, दहावीचं अंतर्गत मूल्यमापन असं जोडून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. ‘पेपर न देता पास झालेली बॅच’ असं त्यांना लोक तोंडावर म्हणत. त्या मुलांनी दहावीचं वर्ष घरातल्या एकुलत्या मोबाइलवर, भावंडांशी वाटून, रेंजसाठी गच्चीवर नाहीतर शेताच्या बांधावर बसून काढलं होतं. काहींच्या घरातलं माणूस त्याच वर्षी गेलं होतं. अशा वर्षाबद्दल त्यांना काय वाटत होतं हे त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवलेलं राज्यातल्या किती शाळांत सापडेल? शतकातून एकदा येणारा प्रसंग होता. आपल्याकडे त्याचा निकालाच्या टक्केवारीचा एक आकडा शिल्लक आहे, दशांशासकट.

सरकारला हे सुचलं नव्हतं असं नाही. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने ‘वर्णनात्मक नोंदी’ लिहायच्या असं ठरलं. कल्पना उत्तम होती. आवड, छंद, विशेष प्रगती, सुधारणा आवश्यक, असे रकाने होते. पुढे काय झालं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग पीडीएफ आल्या. ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो.’ ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.’ ‘गटकार्यात सहकार्य करतो.’ ही वाक्यं इकडची तिकडे फिरवून साठ मुलांच्या नोंदी दोन दुपारींत पुऱ्या होतात. मी यासाठी शिक्षकांना दोष देणार नाही. यू-डायस आणि सरल या पोर्टलवर माहिती भरणं, शिष्यवृत्ती, पोषण आहार, आधार जुळवणी, निवडणुकीची कामं हे सगळं सांभाळून जो माणूस वर्गावर जातो, त्याने वरून आलेला आणखी एक तक्ता असाच भरणं स्वाभाविक आहे. दोष रचनेत होता. वरच्या कार्यालयाला दाखवण्यासाठी लिहिलेली नोंद मुलाची राहत नाही.

२०१६ पासून काही वर्षं मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. मूल पर्याय निवडणार, आणि त्याचा कल कृषी की वाणिज्य, ललितकला की गणवेशधारी सेवा, हे चाचणी सांगणार. कित्येक पालकांनी आपल्या मुलाच्या आवडीबद्दल पहिल्यांदा विचार केला तो त्या कागदामुळे, हे मी पाहिलं आहे. तरीही कल म्हणजे इच्छा नव्हे. कल मोजता येतो. इच्छा मुलानेच सांगावी लागते, आणि ती सांगायला त्याला ओळखीचं माणूस समोर लागतं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे समग्र प्रगती पत्रक येतंय. त्यात मुलाचं स्वतःविषयीचं आणि सोबत्यांचंही मत घ्यायचं आहे. धोरणातली ही जागा मला फार मोलाची वाटते. पण तीही अखेर एका ऑनलाइन फॉर्मात जाऊन बसली, तर वर्णनात्मक नोंदींचं जे झालं तेच होईल. म्हणूनच मी म्हणतो ती वही कुणाकडे सादर करायची नसावी. ती शाळेची असावी, गावाची असावी.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज. ते वाचणारी मुलं मूठभर. पण आपल्या छोट्या जगात जे घडतं ते लिहून ठेवण्याजोगं आहे, हे त्या मुलांना रोज सकाळी दिसत होतं. पुढे शाळाशाळांतून हस्तलिखितं निघाली. चांगल्या अक्षराच्या मुली कार्डशीटवर मजकूर उतरवून काढत, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करवून घेत, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होई आणि मग ते एकुलतं एक हस्तलिखित ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात जाई. मला अशी हस्तलिखितं चाळायला फार आवडतं. त्यात विनोद, कोडी, थोरांची चरित्रं, पाणी वाचवा, झाडे लावा असं सगळं असतं. मुलं स्वतः मात्र त्यात क्वचित सापडतात. लेखाखाली नाव आणि इयत्ता, बस.

मुलं सापडतात ती दुसरीकडे. निरोप समारंभातल्या फिशपाँडमध्ये. चिठ्ठ्यांवर कुणीतरी कुणाबद्दल निनावी लिहिलेलं असतं, सर ते वाचून दाखवतात आणि सगळा वर्ग हसत हसत बरोबर त्या मुलाकडे वळून बघतो. नाव न लिहिता ओळखता येणं ही साधी गोष्ट नाही. एवढी वर्षं एका छपराखाली बसल्याशिवाय ते येत नाही. मुलं सापडतात स्लॅमबुकात, जिथे ‘माझी आवडती गोष्ट’पासून ‘तुझ्याबद्दल माझं मत’पर्यंत रंगीत पेनांनी भरलेलं असतं. ग्रुप फोटोतही सापडतात. पुढे खुर्च्यांवर गुरुजन, मध्ये मुली, मागे बाकावर उभी मुलं, आणि अगदी टोकाला फोटो काढतानाच मान वळवलेला एक जण. पण फिशपाँडच्या चिठ्ठ्या समारंभानंतर केरात जातात. स्लॅमबुक कपाटाच्या तळाशी जातं आणि लग्नात माहेरी राहून जातं. फोटोच्या मागे नावं लिहिण्याची पद्धतही आता उरली नाही. वीस वर्षांनी अर्धी नावं कुणालाच आठवत नाहीत. सामग्री सगळी आहे. ती एकत्र बांधून ठेवणारं कुणी नाही.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमचा भाग ऊसतोडीचा. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या की लेखी परीक्षेआधी काही मोकळे तास मिळतात. त्या तासांना मी मुलांकडून अशी वही लिहून घेतो. नियम थोडे आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या पानावर स्वतः लिहायचं. मग ते पान वर्गात फिरतं आणि ज्याला त्याच्याबद्दल खरंच काही माहीत आहे त्याने एक वाक्य लिहायचं. ‘चांगला मित्र आहे’, ‘स्वभाव छान आहे’ असलं चालणार नाही, त्याने केलेली एखादी गोष्ट लिहायची. शेवटी वर्गशिक्षकाचा एक परिच्छेद. गुणांचा उल्लेख कुठेही करायचा नाही.

एका मुलाच्या पानाबद्दल सांगतो. सहामाहीत तीन विषयांत अडकलेला, मागच्या बाकावरचा मुलगा. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं ते ‘हा काढतो का नाही’ एवढंच. त्याच्या पानावर सोबत्यांनी लिहिलं होतं: वर्गातला पंखा बंद पडला की सगळे आधी याच्याकडे बघतात. सायकलची चेन अंधारात बसवतो. सहलीला गाडी बंद पडली तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी बॅटरी धरून हाच उभा होता. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझ्या आजोबांच्या कानाचं मशीन यानेच नीट केलं, पैसे घेतले नाहीत.’ आणि त्याने स्वतः लिहिलं होतं की त्याला वायरमन व्हायचंय. पुढे कारण: ‘आमच्या डीपीचा फ्यूज गेला की दोन दोन दिवस कोण येत नाही. मी असलो तर त्याच दिवशी टाकीन.’ त्या एका पानावर त्या मुलाचं सामर्थ्य होतं, त्याच्याविषयीचं वर्गाचं मत होतं, आणि गावाच्या विजेची तक्रारही होती. दाखल्यावर त्याची प्रगती ‘समाधानकारक’ आहे.

एका मुलीने लिहिलं होतं की तिला नर्सिंग करायचंय, पण तालुक्याबाहेर घरचे पाठवणार नाहीत. तालुक्यात नर्सिंगचं कॉलेज निघालं तर बरं. एका मुलाचं पान दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जाऊन होळीच्या आसपास परतलेल्याचं होतं. त्याने लिहिलं, ‘एक वर्ष तरी उचल न घेता घर चालावं.’ बाकी काही नाही. उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, जे फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन निघते. सोळा वर्षांच्या मुलाची इच्छा डॉक्टर-इंजिनिअरची नाही, घराच्या हिशेबाची आहे. आणखी एका मुलीने तीन ओळी लिहून खोडल्या होत्या, खाली लिहिलं होतं, ‘सध्या सांगायचं नाही.’ तेही पान तसंच ठेवलं. न सांगण्याचाही तिला हक्क आहे, आणि ती खोडलेली जागाही तिच्याबद्दल काही सांगते.

माझ्या मागणीचा गाभा या पानांत आहे. मुलांच्या आशा एकेकट्या ऐकल्या तर त्या स्वप्नरंजन वाटतात. एका गावच्या दहा वर्षांच्या आशा एकापुढे एक ठेवल्या तर ते गावाचं मागणीपत्र होतं. दहा वर्षं दरवर्षी चार मुली नर्सिंग लिहीत असतील आणि त्यातल्या कुणीच पोहोचली नसेल, तर प्रश्न त्या मुलींच्या जिद्दीचा राहत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. पास हातात आहे आणि कॉलेजच्या वेळेला गाडीच नाही अशी गावं आहेत. मुलगी अकरावीला गेली नाही हे आकडेवारीत ‘गळती’ म्हणून येतं. सकाळी सातची गाडी असती तर ती जाणार होती, हे फक्त तिच्या पानावर असतं. ग्रामसभेत, संस्थेच्या बैठकीत, आगार व्यवस्थापकापुढे ठेवायला याहून भक्कम कागद कुठला? आशा लिहून ठेवली की तिचा जाब विचारता येतो. न लिहिलेली आशा पूर्ण झाली नाही तर दोष मुलावर जातो, आणि तो वर्षानुवर्षं जात आला आहे.

ही वही पूर्ण वर्गाची असली पाहिजे, आणि पूर्ण वर्ग म्हणजे हॉल तिकीट मिळालेली मुलं एवढंच नव्हे. हल्ली पंचवीस-तीस वर्षांनी बॅचचे स्नेहमेळावे होतात. सारखे टी-शर्ट, फेटे, जुन्या सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, पुन्हा एकदा प्रार्थना आणि हजेरी. शाळेला पाण्याचं फिल्टर नाहीतर प्रोजेक्टर भेट. हे सगळं मनापासून होतं आणि शाळांना त्याचा खराखुरा आधार आहे. पण तिथे हजेरी घेतली जाते तेव्हा ऐका. वॉट्सअॅप ग्रुपवर ज्यांचे नंबर मिळाले त्यांची हजेरी असते. दहावीला नापास होऊन पुन्हा न बसलेला मुलगा त्यात नसतो. आठवीच्या सुट्टीत जिचं लग्न लावून दिलं ती नसते. पट कमी झाला तेव्हा ज्यांची नावं लाल शाईने कापली ती नसतात. बॅचची आठवण सांगायला उरतात ते ज्यांचं बरं चाललंय, आणि मग बॅचची गोष्टही सगळ्यांचं बरं झाल्याची होते. म्हणून आमच्या वहीत पाचवीच्या हजेरीपासूनची नावं घेतो. जो मध्येच गेला त्याचंही पान असतं. तो गावात असेल तर मुलं त्याच्याकडून लिहून आणतात. नसेल तर सोबती आठवतील ते लिहितात. ‘सातवीत गेली. कबड्डीत तिला कोणी धरू शकत नव्हतं.’ एवढी ओळ असली तरी शाळेने तिला विसरलं नाही असं म्हणता येतं.

आक्षेप आहेत, आणि त्यातले काही गंभीर आहेत. शिक्षकावर आणखी एक ओझं कशाला, हा पहिला. ही वही तपासायची नाही, अपलोड करायची नाही, तिचा अहवाल द्यायचा नाही. दोनशे पानी पक्क्या बांधणीची एक वही आणि तीन-चार तास. लिहितात मुलं. उद्या कुणी अधिकाऱ्याने ‘वही उपक्रमाचे फोटो लिंकवर टाका’ असं फर्मान काढलं तर मात्र ती त्याच दिवशी मेली, हे मीही मान्य करतो. म्हणून शासन निर्णय निघावा अशी माझी मागणी नाही. मुख्याध्यापक संघांनी, संस्थांनी, शाळा समित्यांनी हे ठरवावं.

दुसरा आक्षेप शिक्षकाच्या नजरेचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. शिक्षक मुलाला काय समजतो ते कायमचं लिहून ठेवणं धोक्याचंही आहे. आपल्या शाळांमध्ये ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘आगाऊ’ ही विशेषणं सहज वापरली जातात. त्यामागे कधी जात असते, कधी वस्ती असते, कधी मुलीचं मोकळं हसणं असतं. असं विशेषण शाईने कपाटात गेलं तर ते दाखल्यावरच्या ‘चांगली’पेक्षा वाईट. त्यामुळे शिक्षकाचा परिच्छेद मुलाने आधी वाचायचा आणि त्याला पटला नाही तर तो जायचा नाही. सोबत्यांची वाक्यंही तशीच. कुणाचं पान दुखावणारं झालं तर ते पान पुन्हा लिहायचं. मुलाच्या पानावर शेवटचा शब्द त्याचाच.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची डिजिटल माहिती हाताळताना पालकांची संमती बंधनकारक केली आहे, आणि ते योग्यच आहे. शाळांनी मुलांचे फोटो, गुण, घरची परिस्थिती बिनदिक्कत फेसबुकवर टाकण्याची सवय सोडायला हवी. ही वही कागदाची असावी, तिचा फोटो काढू नये, ती शाळेत येऊनच वाचावी. गावाचं मागणीपत्र करायचं तर नावं न घेता करता येतं. ज्याचं पान आहे त्याला पुढे केव्हाही येऊन त्याची नक्कल मागता यावी, आणि ते पान काढून टाका असं म्हणता यावं.

‘मुलं हे सगळं इन्स्टाग्रामवर टाकतातच की’ असंही मला काही पालक म्हणाले. टाकतात. पण तिथे जो तो आपल्याला हवा तसा दिसतो, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही तो दिसतच नाही. कंपनीने उद्या धोरण बदललं की सगळं गेलं. वायरमन व्हायचंय असं त्या मुलाने तिथे कधीच लिहिलं नसतं. ते त्याने लिहिलं कारण वर्गात सगळेच लिहीत होते आणि वाचणाऱ्यांपुढे त्याला काही भासवायचं नव्हतं.

एक गोष्ट तातडीची आहे. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होण्याचं, जवळच्या शाळेत मिसळण्याचं संकट अनेक गावांवर आहे, माध्यमिक शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. शाळा बंद होते तेव्हाही जनरल रजिस्टर जपलं जातं, कारण ते कायम जपायचं असतं. हस्तलिखितं, फोटो, हजेरीपट, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका यांना वाली नसतो. ते रद्दीत जातं. गावाच्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण त्या गठ्ठ्यात असतं. ज्या शाळांना अजून वेळ आहे त्यांनी निदान जुन्या ग्रुप फोटोंमागे नावं लिहून घ्यावीत. माजी विद्यार्थ्यांनी पुढचा मेळावा भरवाल तेव्हा प्रोजेक्टरच्या आधी एक लोखंडी कपाट द्यावं, आणि आपल्या बॅचची वही त्या दिवशी बसून लिहावी, न आलेल्यांच्या पानांसकट. बहुतेकांच्या बाबतीत सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. फक्त विचारावं लागतं.

आणि वही झाली की ती कुलपात ठेवून संपत नाही. जूनमध्ये नवी दहावी वर्गात बसते, तिच्या पहिल्या आठवड्यात मराठीच्या तासाला आदल्या वर्षीची वही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या पानांपुरती वाचून दाखवावी. आमच्याकडे ती वाचताना मुलं मध्येच थांबवतात, कारण ती सगळी त्यांच्याच गल्लीतली असतात. ‘सर, तो लागला आयटीआयला, वायरमन ट्रेडला.’ ‘तिचं लग्न ठरलंय.’ ‘तो पुण्याला गेला, कंपनीत आहे.’ वर्गशिक्षकाने ते ऐकावं आणि त्या त्या पानाच्या खाली, तारीख घालून, लिहून ठेवावं.